पार्वतीच्या उगमापासून पिनच्या पाटापर्यंत

पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षे मी नद्या अडवण्याचे काम केले. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळाबरोबर एक पाठपिशवीही दिली. एखादी नदी धरणापासून उगमापर्यंत पायी चढत जाऊन पाहावी, ही जुनी इच्छा त्या पिशवीमुळे पुन्हा जागी झाली. हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्यातली पार्वती नदी त्यासाठी सोयीची होती, कारण तिच्या काठाने वर जाणारी वाट उगमापाशी थांबत नाही. ती हिमनदीवरून 5,319 मीटर उंचीची पिन-पार्वती खिंड ओलांडते आणि पलीकडे स्पितीच्या कोरड्या मुलखात पिन नदीच्या खोऱ्यात उतरते. 1884 साली लुई डेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने स्पितीकडे जाणारा पर्यायी मार्ग शोधताना ही खिंड ओलांडल्याची नोंद आहे.

आम्ही पाच जण होतो. दोन जुने मित्र, बालरोगतज्ज्ञ असलेले आमचे डॉक्टर, माझी सत्तावीस वर्षांची भाची आणि मी. तयारी म्हणून चार महिने दर रविवारी ब्रह्मगिरी आणि अंजनेरी, तर महिन्यातून एकदा कळसूबाई असा क्रम ठेवला. पायांना त्याचा निश्चित उपयोग झाला. फुप्फुसांना किती झाला याबद्दल मात्र मला शंका आहे, कारण कळसूबाईचे 1,646 मीटर ही उंची तिकडे चढाई सुरू होण्याआधीच मागे पडते.

पहिला दिवस: बरशैणी ते खीरगंगा

नाशिक ते भुंतर या प्रवासात सांगण्यासारखे काही घडले नाही. मणिकरणच्या गुरुद्वारात उकळत्या झऱ्याच्या पाण्यात भांडी ठेवून शिजवलेला भात लंगरमध्ये जेवलो आणि जीपने बरशैणी गाठले. तेथे रस्ता संपतो आणि समोर धरण दिसते. पार्वती जलविद्युत प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातले हे धरण आहे. येथे अडवलेले पाणी सुमारे साडेएकतीस किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून शेजारच्या सैंज खोऱ्यात नेले जाते आणि तेथील वीजगृहाची क्षमता 800 मेगावॅट आहे. खात्यातल्या सवयीने मी सांडव्याकडे इतका वेळ पाहत राहिलो की, भाचीने शेवटी माझ्या पिशवीचा पट्टा ओढला. “मामा, धरणे बघायला आलोय का आपण?”

खीरगंगेपर्यंतची वाट रहदारीची आहे. नकथान गाव, रुद्रनागचा धबधबा आणि देवदारांचे जंगल पार करून सायंकाळी आम्ही गरम पाण्याच्या कुंडापाशी पोहोचलो. कार्तिकेय येथे तपाला बसला असता पार्वतीने त्याच्यासाठी खीर वाहवली, अशी कथा सांगतात. झऱ्याच्या कडेने साचलेला पांढुरका थर पाहिला की ती कथा कोठून आली असेल हे समजते. कुंडात पाऊण तास बसल्यानंतर पायांचा थकवा गेला, परंतु रात्री डोक्यावर चढलेला जडपणा डॉक्टरांनी त्या पाऊण तासाच्याच खात्यावर टाकला. उंचीवर पहिल्या दिवशी कढत पाण्यात फार वेळ बसू नये, हा त्यांचा सल्ला आम्हाला बसून झाल्यावर मिळाला.

*जाणाऱ्यांसाठी:* खीरगंगा सोडल्यानंतर पलीकडच्या मूद गावापर्यंत दुकान नाही. संपूर्ण मोहिमेचा शिधा आणि रॉकेल बरोबर न्यावे लागते. वाटाड्या व हमाल स्थानिक असावेत आणि वनखात्याचा परवाना त्यांच्याकरवीच काढावा. शिध्यात किमान एक जादा दिवस धरावा. त्याचे कारण पुढे येईल.

दुसरा आणि तिसरा दिवस: टुंडा भुज, ठाकुर कुआँ

खीरगंगेनंतर गर्दी एकदम नाहीशी झाली. वाट नदीकाठाने कधी जंगलातून तर कधी उघड्या उतारावरून जात होती आणि दर अर्ध्या-पाऊण तासाला कड्यावरून कोसळणारा एखादा ओढा आडवा येत होता. पाऊस बारीक पण चिवट होता, अगदी इगतपुरीच्या पावसाच्या जातीचा. टुंडा भुजच्या मुक्कामापाशी भूर्जवृक्ष दाटीने उभे आहेत. ज्याच्यावर पोथ्या लिहिल्या गेल्या ते भूर्जपत्र खोडावरून कागदाच्या पापुद्र्यासारखे आपोआप सुटून वाऱ्यावर फडफडताना मी प्रथमच पाहिले.

आमचा वाटाड्या चाळिशीतला, पार्वती खोऱ्यातलाच होता. तो फार बोलत नसे. पहिल्या रात्री त्याने एकच नियम घालून दिला, “पानी सुबह पार करना है, सर. दोपहर को पानी का दिमाग गरम हो जाता है.” हिमनदीच्या पाण्यावर चालणाऱ्या ओढ्यांचा विसर्ग पहाटे सर्वांत कमी असतो, कारण रात्री वितळण थंडावते. ऊन चढले की तो वाढत जातो आणि दुपार कलल्यावर कळस गाठतो. आलेखाच्या कागदावर हा चढउतार मी अनेकदा काढला होता, पण त्यात पाय घालण्याची वेळ आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती आली. भूर्जांचे फोटो काढण्यात आम्ही सकाळचा तासभर घालवला आणि मधला एक बिननावाचा ओढा गाठेपर्यंत साडेबारा वाजले. पाणी गुडघ्याच्या वर, राखेच्या रंगाचे आणि इतके थंड की दहा पावलांनंतर पाय आपले आहेत याची खात्री वाटेना. बूट भिजू नयेत म्हणून मी घरातल्या रबरी चपला घातल्या होत्या. मध्यावर डावीचा अंगठा सुटला आणि ती माझ्या डोळ्यांदेखत बरशैणीच्या धरणाकडे रवाना झाली. मागून भाची ओरडली, “मामा, चप्पल!” आणि वाटाड्याने माझे मनगट धरले ते पलीकडच्या काठावर पोहोचेपर्यंत सोडले नाही. काठावर त्याने राहिलेली चप्पल माझ्या हातून घेतली, गंभीरपणे उलटसुलट करून पाहिली आणि दोन दगडांच्या मध्ये उभी करून ठेवली. मागून येणाऱ्यांना ती खूण म्हणून उपयोगी पडेल, असे त्याचे म्हणणे होते. तेथून पुढचे सगळे ओढे मी लोकरी मोज्यांवर पार केले. जाणाऱ्यांनी मागे पट्टा असलेले सँडल न्यावेत.

त्याच सायंकाळी ठाकुर कुआँच्या वर गद्दी जमातीचा एक मेंढपाळ भेटला. अंगात लोकरीचा चोला आणि कमरेला काळ्या लोकरीच्या दोराचे अनेक वेढे, त्याला ते ‘डोरा’ म्हणतात. चोल्याच्या छातीवरच्या घोळातून चार दिवसांच्या कोकराचे तोंड बाहेर डोकावत होते. गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे घातलेल्या त्याच्या दोन कुत्र्यांनी आम्हाला वीस पावलांवरच रोखून धरले. त्याने शीळ घातल्यावरच ते बसले. हे पट्टे बिबट्यासाठी असतात, कारण बिबट्या कुत्र्याचा गळाच पकडतो. आम्ही त्याला शेंगदाण्याची चटणी दिली. त्याने ती चहाबरोबर नुसतीच खाल्ली, डोळे पुसले आणि आणखी मागून घेतली. बदल्यात मिळालेल्या बकरीच्या दुधाचा चहा अजून जिभेवर आहे.

चौथा दिवस: पांडू पूल

पार्वती येथे एका अरुंद घळीत शिरते. घळीच्या तोंडावर प्रचंड शिळा आडव्या पडलेल्या आहेत. एक शिळा बाजूने येणाऱ्या ओढ्यावर आणि दुसरी प्रत्यक्ष नदीवर, आणि त्यांच्यावरूनच पलीकडे जावे लागते. स्वर्गारोहणाला निघालेल्या पांडवांसाठी भीमाने त्या टाकल्या असे मानतात. आमच्या नाशिकला लेणी आहेत तीही पांडवांचीच म्हणून ओळखली जातात, वास्तविक ती बौद्ध लेणी आहेत आणि त्यातले शिलालेख सातवाहन व क्षत्रप राजांचे आहेत. माणसाच्या हातून होणार नाही असे वाटणारे प्रत्येक काम पांडवांच्या नावावर चढवण्याची ही रीत हिमालयापासून सह्याद्रीपर्यंत एकच दिसते.

व्यावसायिक दृष्टीने पाहिले तर पुलाचे स्थान अचूक आहे. दोन्ही बाजूंना अखंड कातळ, पात्राची रुंदी सर्वांत कमी, पुराच्या पातळीपासून पुरेशी उंची. मी खाली वाकून पाहिले आणि लगेच सरळ झालो. कित्येक मीटर खाली पाणी फेसाळत नव्हते, नुसते घुमत होते. दुसऱ्या शिळेवर चढण्यासाठी ओल्या कातळात पायाची बोटे टेकण्यापुरत्या खोबणी आहेत. आमच्या एका मित्राने तेथे आयुष्यात प्रथमच मोठ्याने रामरक्षा म्हटली. पावसात ही जागा दोर लावल्याशिवाय चढू नये, आणि हमालांच्या पाठीवरचे ओझे आधी दोराने वर घ्यावे.

पलीकडे दृश्य एकाएकी बदलते. ओडी थाचचे विस्तीर्ण सपाट कुरण समोर पसरते आणि नदी जणू विसाव्याला बसल्यासारखी अनेक फाट्यांनी वाहते. उंचावरच्या अशा कुरणाला इकडे ‘थाच’ म्हणतात. झाडे मागे संपली होती.

पाचवा आणि सहावा दिवस: मानतलाई

मानतलाईला पोहोचायला दुपारचे तीन वाजले. उंची चार हजार मीटरच्या थोडी वर. पार्वतीचा उगम मानला जाणारा हा तलाव माझ्या मनात निळाशार होता. प्रत्यक्षात समोर दिसले ते करड्या गाळाचे मैदान आणि त्यातून शिरांसारखे पसरलेले पाण्याचे बारीक प्रवाह. हिमनदीने खरवडून आणलेला गाळ येथे साठत आला आहे. धरणांच्या गाळाचे अहवाल लिहिण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, तेव्हा हे दृश्य पाहून निराश होण्याऐवजी मला ओळखीचा माणूस भेटल्यासारखे वाटले. काठावर दगडांच्या चौथऱ्यावर शिव-पार्वतीचे उघडे ठाणे आहे आणि त्यात गंजलेली त्रिशुळे रोवली आहेत. हमालांनी तेथे उदबत्ती लावली. तोवर पाऊस गोठून हिमकण पडू लागले होते.

रात्री भाचीचे डोके दुखू लागले आणि जेवण उलटून पडले. डॉक्टरांनी बोटाला प्राणवायूचे प्रमाण मोजणारे यंत्र लावले आणि त्याचा आकडा कोणालाही सांगितला नाही. वाटाड्याने तंबूत डोके घालून तिच्याकडे पाहिले, तिला बाहेर बोलावून सरळ रेषेत वीस पावले चालायला लावले आणि मग जाहीर केले की, उद्या मुक्काम येथेच. परवा सकाळी डोके दुखत असेल तर आपण सगळे मागे फिरू. ती म्हणाली, “मामा, माझ्यामुळे तुम्ही मागे फिरायचे नाही.” मी काही बोलणार तेवढ्यात वाटाड्याच म्हणाला, “पास कहीं नहीं जाता, बेटा.”

सहावा दिवस आम्ही तंबूत काढला. बाहेर हिमवर्षाव, आत मेतकूट-भात. आमच्या स्वयंपाक्याने मेतकुटाला ‘पीला सत्तू’ असे नाव ठेवले आणि दुपारी हमालांनाही तेच वाढले. मी त्याच्याबरोबर बसून तांदूळ, डाळ आणि रॉकेलचा हिशोब केला. मुळात धरलेला जादा दिवस आज खर्च होत होता. म्हणजे उद्या निघालो नाही, तर खिंडीचा विषय संपला. डॉक्टरांनी भाचीला गोळ्या दिल्या, पाणी भरपूर पाजले आणि चार वाजता काठावर हळूहळू फिरवून आणले. सायंकाळी तिने स्वतःहून चिक्की मागितली तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा आकडा सांगितला.

तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात साधारण पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि डोकेदुखी असताना वर चढू नये, हे सर्वांना पाठ असते. ते पाळायचे तर कार्यक्रमात मोकळा दिवस लागतो. परतीच्या तिकिटाची तारीख घट्ट बांधून येणाऱ्यांजवळ नेमका तोच नसतो. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी तर विशेष जपावे.

सातवा दिवस: हिमनदीच्या पायथ्याशी

आकाश निवळले. मानतलाईपासून वरची वाट हिमनदीने आणून टाकलेल्या दगडांच्या उभ्या राशींवरून चढते. या राशीला काही व्यवस्था नाही. फ्रीजएवढे धोंडे वाळूवर ठेवलेले असावेत तसे ते पाय ठेवताच हलतात. पन्नास पावले चालणे आणि थांबणे, मग तीस, मग वीस. दिवसभरात अंतर किती कापले हे सांगायला संकोच वाटतो. रात्री बर्फाच्या काठावर दगड रचून केलेल्या जागेत तंबू लावले. पाण्याची बाटली झोपण्याच्या पिशवीत घेतली नाही, त्या मित्राला सकाळी बर्फाचा ठोकळा मिळाला.

आठवा दिवस: खिंड

पहाटे साडेतीनला निघालो. बर्फ कडक असेपर्यंत त्यावरून पार व्हायचे होते. ऊन लागल्यावर भेगांवरचे हिमाचे झाकण मऊ होते. सर्वांना एका दोरात बांधले, दोन माणसांमध्ये आठ-दहा मीटर अंतर. वाटाड्या पुढे काठीने बर्फ ठोकत जाई आणि आवाज पोकळ आला की थांबून दिशा बदली. तारे इतके होते की दिवे बंद केले तरी चालले असते. माझ्या कानांत आवाज फक्त श्वासाचा होता, आणि तो पुरत नव्हता. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो.

दोन भेगा ओलांडाव्या लागल्या. पहिली पाऊलभर रुंद होती. दुसऱ्या भेगेच्या काठाशी मी दिव्याचा झोत आत टाकला. वर पांढरी, मग निळी, मग काळी. भाची माझ्यापुढे होती आणि तिने मागे न पाहता उडी घेतली.

सव्वाआठ वाजता चढ संपला. दगडांचा एक ढीग, त्यावर फाटलेल्या पताका आणि अंगावर येणारा वारा. मागे पश्चिमेला पार्वतीचे खोरे ढगांनी काठोकाठ भरलेले. पुढे एकही ढग नाही, पिवळे, तपकिरी, जांभळट डोंगर थेट क्षितिजापर्यंत. पावसाळी वारे ज्या भिंतीवर आपटून रिते होतात त्या भिंतीच्या माथ्यावर आम्ही उभे होतो. घाटमाथ्यावरून एका बाजूला कोकण आणि दुसऱ्या बाजूला देश पाहण्याची सवय असलेल्या माणसाला हे दृश्य कळायला वेळ लागत नाही, फक्त पट फार मोठा असतो.

तेवढ्या दमछाकीतही मी वाटाड्याला पाणलोटाचा दुभाजक समजावून सांगितला. या बाजूचे बर्फ वितळून पार्वतीतून बियासला जाते. त्या बाजूचे पिनमधून स्पितीला आणि स्पितीतून सतलजला. बियास आणि सतलज पुढे पंजाबात हरिके येथे एकत्र येतात. पण तेवढी वाट पाहण्याचेही कारण उरलेले नाही, कारण 1977 पासून बियासचे पाणी पंडोह धरणातून बोगदे आणि कालव्याने देहरच्या वीजगृहावर नेऊन सतलजमध्ये सोडले जाते. म्हणजे या पताकांच्या दोन बाजूंना पडलेले दोन हिमकण भाक्राच्या जलाशयात भेटू शकतात. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग माझ्या पिशवीतली बाटली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “अंकलजी, पहले आप पानी पी लो.”

पलीकडचा उतार सुरुवातीला तीव्र आहे. टाचा रोवत, काही ठिकाणी बसून घसरत आम्ही पिनच्या हिमनदीवर आलो. दहानंतर बर्फ मांडीपर्यंत खचू लागले आणि शेवटच्या दोन तासांनी माझ्या गुडघ्यांची उरलीसुरली प्रतिष्ठा घेतली. दुपारी खाली पिनचा प्रवाह दिसला. वाटाड्याने पाण्याकडे, मग घड्याळाकडे पाहिले आणि पाठीवरचे ओझे उतरवले. या वेळी कोणी काही विचारले नाही. अलीकडच्या काठावरच तंबू लागले. सकाळी सहा वाजता तेच पाणी पोटऱ्यांपर्यंत होते.

नववा आणि दहावा दिवस: मूद

पिनचे खोरे कोरडे आहे. गवत बोटभर, फुले त्याहून लहान, आणि सावली फक्त मोठ्या दगडांची. हा भाग 1987 मध्ये स्थापन झालेल्या पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यानात येतो. हिमबिबट्यासाठी तो प्रसिद्ध असला तरी आम्हाला दिसली ती सतरा आयबेक्सची, म्हणजे डोंगरी रानबकऱ्यांची, एक रांग, तीही वाटाड्याने दाखवल्यावर. दहाव्या दिवशी दुपारी नदीपलीकडे हिरवा तुकडा दिसला. दहा दिवसांपूर्वी हिरव्या रंगाचा आम्हाला कंटाळा आला होता. आता भाची तो पाहून धावतच सुटली.

मूद हे खोऱ्यातले शेवटचे गाव. पांढरी घरे, खिडक्यांना काळ्या चौकटी, छपरांवर जळणाचे भारे आणि सभोवार वाटाणा व जवाची शेते. गावाचे नाव भूगर्भशास्त्रज्ञांना निराळ्या कारणाने ठाऊक असते, कारण जवळच्या कड्यांतल्या फिकट गारगोटी खडकाच्या थराला त्यांनी ‘मुथ’ हे याच गावाचे नाव दिले आहे. आम्हाला त्या दिवशी गरम थुकपाचेच, म्हणजे शेवयांच्या सूपचेच, कुतूहल अधिक होते. त्याच्याबरोबर टिंगमो हा वाफवलेला पाव आला आणि नंतर मिठाचा लोणी घातलेला चहा. चहा म्हणून घेतला तर तो चुकल्यासारखा वाटतो. सार म्हणून घेतला तर दुसरा पेलाही मागता येतो.

सायंकाळी मी शेतांकडे गेलो. वरच्या हिमाचे पाणी डोंगराच्या कुशीतून खोदलेल्या पाटाने गावात येते आणि पाटाच्या तोंडाशी एक सत्तरीची आजी बसली होती. “जुले” म्हणून मी शेजारी टेकलो. मोडक्या हिंदीत तिने सांगितले की, आता तिची पाळी आहे, ऊन त्या समोरच्या धारेवरून सरकले की पाणी शेजाऱ्याचे. आमच्याकडे मोसम आणि पांझरा नद्यांवर सामाईक सिंचनाच्या फड पद्धतीत पाटकरी अशाच पाळ्या लावून देत, हे मी तिला सांगू लागलो. तिला ते फार विशेष वाटले नाही. पाण्याची पाळी लावल्याशिवाय कोणी शेती करत असेल, हीच कल्पना तिला नवी असावी.

ऊन धारेवरून सरकले. ती उठली, चिखलात बसवलेला एक चपटा दगड आणि त्यामागचे गवताचे ढेकूळ तिने हातानेच काढले आणि दोन हात पुढे पुन्हा बसवले. पाणी क्षणभर थबकले आणि शेजारच्या शेतात वळले. एकही मापन नाही, नोंदवही नाही, थेंब वाया नाही. मला त्या दगडाचे वजन पाहायचे होते, म्हणून मी तो उचलून पाहिला, तर तिने मला चांगलेच दटावले आणि तो पुन्हा जागेवर ठेवायला लावला. मग हसून ओच्यातल्या वाटाण्याच्या शेंगा दोन ओंजळी भरून माझ्या टोपीत टाकल्या.

मूदहून काझा सुमारे पन्नास किलोमीटर आहे आणि सकाळची बस चुकली तर दिवस जातो, म्हणून आदल्या रात्रीच चौकशी करावी. वाटाड्या आणि हमाल आमच्याबरोबरच निघाले. त्यांना काझामार्गे रस्त्याने घरी परतायचे होते. वाटाड्या पहिल्याच वळणावर झोपी गेला. आम्ही खिडकीशी बसून शेंगा सोलत होतो. ते दाणे इतके गोड होते की कोणी बोलत नव्हते. अत्तरगूच्या पुलापाशी पिन स्पितीला मिळाली तेव्हा टोपीत तीन शेंगा उरल्या होत्या. भाचीने दोन घेतल्या आणि एक माझ्याकडे सरकवली.